आधी पाचर

खालच्या बिजागरीची पीन निघाली तेव्हाच आत काहीतरी फुटलं. काच नव्हती ती. काचेचा आवाज मुलीला ओळखू यायचा, लाकडाचाही यायचा. हा आवाज मऊ होता, आणि त्याच्या मागोमाग आईचा श्वास आला. ओला, तोंडानं घेतलेला.

मुलीनं पीन कठड्यावर ठेवली, खिळ्याचं टोक मधल्या बिजागरीखाली धरलं आणि डाव्या हातानं हातोडी मारली. पीन जुनी होती, रंगाच्या चार थरांनी धरून ठेवलेली. तिसऱ्या ठोक्याला रंग उडाला.

"बोल ना," आत बाबा म्हणत होते. "मघाशी फार बोलत होतीस."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. तो कधीच चढायचा नाही. शेजारच्या भिंतीला कान लावून कुणी बसलं असतं तर त्याला वाटलं असतं, या घरात कुणीतरी कुणाला धीरानं गणित समजावून सांगतंय.

मग पट्टा. पट्टा आधी हवेत वाजतो आणि मग अंगावर, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होतं. मधल्या अर्ध्या क्षणात माणूस डोळे मिटतो. ती दाराबाहेर होती, तरी तिचे डोळे मिटले.

आई म्हणाली होती ते एवढंच, की चार दिवस ताईकडे जाऊन येते. ताई म्हणजे मुलीची मावशी. दुपारची वेळ होती, जेवणं झाली होती, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालून आई त्या ठेवायला वर आली होती, मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत. बाबा तिच्या मागून जिना चढले. शांतपणे चढले, हात पुसलेला नॅपकिन खांद्यावर तसाच. मुलीनं खालून कडी लागल्याचा आवाज ऐकला आणि भांडी घासता घासता पाणी बंद केलं.

पूर्वी ती अशा वेळी दारावर मुठी मारायची. एकदा रात्रभर मारल्या होत्या आणि सकाळी बोटांना पेन धरवत नव्हतं. आज ती वर आली ती कॉलेजची पिशवी घेऊन. पिशवीत हातोडी होती, चार इंची खिळा होता, पेचकस होता आणि तिनं स्वतः तासून, घासून, तेल देऊन केलेली लाकडाची पाचर होती. दाराशी आल्या आल्या तिनं गुडघ्यावर बसून सगळ्यात आधी पाचर दाराखाली सारली आणि हातोडीच्या दांड्यानं घट्ट केली. विचार करून नाही. तिच्या हाताला ती सवयच होती. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं आणि बाहेर जागा कसली, जिन्याच्या माथ्यावरची दोन पावलं, की लगेच चौदा पायऱ्या. अशा जागी सुटं झालेलं दार कुठं जाईल ते विचारायला नको.

मधली पीन निघाली.

"काय चाललंय तिकडे?" बाबांनी विचारलं.

चवड्यांवर उभी राहून तिनं वरच्या बिजागरीला खिळा लावला.

"बाळ, खाली जा."

तिनं हातोडी मारली. आत आईचं डोकं कशावर तरी आपटलं, दाराच्या अगदी जवळ, खाली, जमिनीलगत. त्यानंतर आईचा आवाज आलाच नाही. एक कण्हणं यायला हवं होतं, तेही नाही. मुलीनं पुन्हा मारली. खिळा निसटून तिच्या उजव्या अंगठ्याचं कातडं सोलून गेला. तिनं पुन्हा मारली, आणि पीन वर उडून जिन्यावरून टणटणत खाली गेली.

आता दार बिजागऱ्यांवर नव्हतं. चौकटीत नुसतं उभं होतं, आतल्या कडीच्या आणि खालच्या पाचरीच्या भरवशावर. फटीत पेचकस घालून बिजागरीकडची कड हळूहळू आपल्याकडे ओढायची, दार अंगाशी धरायचं, तिरकं करून भिंतीला टेकवायचं. चाळीस वेळा केलं होतं तिनं हे, टाळ्याही पडल्या होत्या एकदा. तिनं पेचकस हातात घेतला तोच आतून कडी निघाली.

बाबांनी दार ढकललं. ते दोन सूत हललं आणि थांबलं. पाचरीनं धरलं.

"दार सोड."

"मी नाही धरलेलं."

"सोड म्हणतोय ना." तरीही आवाज तोच, गणित समजावणारा. "मी बाहेर येतोय. मग तुझं बघतो."

त्यांची पावलं मागं गेली. एक, दोन, तीन, चार. खोली तेवढीच लांब होती. त्या चार पावलांत मुलीनं दाराखालच्या फटीकडं पाहिलं. पाहतच राहिली. मग ती उठली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली, पाठ, टाचा, डोकं, सगळं भिंतीला.

बाबा खांदा पुढं करून धावत आले. दार त्यांना घेऊनच बाहेर गेलं. एका क्षणापुरतं ते जिन्याच्या माथ्यावर उभं राहिल्यासारखं वाटलं, वर बाबा, त्यांचा एक हात काही धरायला पसरलेला, आणि तो हात तिच्या चेहऱ्यासमोरून गेला. तिला त्यांच्या मनगटावरचं घड्याळ दिसलं. मग चौदा पायऱ्या. दार आधी वाजत होतं, नंतर दोघंही वाजत होते, आणि शेवटी जिना वळतो तिथं भिंतीवर जो आवाज झाला तो तिला ओळखीचा होता. मघाशी ऐकलेलाच. मऊ.

खाली स्वयंपाकघरात नळ थेंब थेंब गळत होता. पुरता बंद झाला नव्हता.

तिनं आधी आईला पाहिलं. आईला कुशीवर केलं, तोंडातलं रक्त आणि एक दात बोटानं बाहेर काढला, मान सरळ धरली. मग फोन लावला. आधी पत्ता, मग रडणं, असं बाई वर्गात म्हणायच्या. तिनं पत्ता सांगितला, जवळची खूण सांगितली, जखमी किती ते सांगितलं. दोन. रडणं तेव्हा आलं नाही. नंतरही आलं नाही.

बाबा तिसऱ्या दिवशी गेले.

*

"त्या दिवशी केलंस तसंच करायचं," फौजदार म्हणाले. "वेगळं काही नाही. घाबरायचं कारण नाही."

बारा दिवस झाले होते. कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकली लावायच्या जागेपलीकडे, वर्कशॉप होतं. एक लांब खोली, पाच टेबलं, भिंतीवर ओळीनं टांगलेली हत्यारं आणि मधोमध एक दार. त्याला ना अलीकडं खोली ना पलीकडं. नुसती चौकट जमिनीत रोवलेली आणि तिच्यात दार, शिकण्यापुरतं. पोरं त्याला स्वर्गाचं दार म्हणत, कारण कुठूनही आत गेलं तरी माणूस होता तिथंच.

दर शनिवारी इथं एक तास व्हायचा. वेळापत्रकात त्याचं नाव मोठं होतं, पण सगळे त्याला बाईंचा तास म्हणत. फ्यूज कसा घालायचा, नळाचा वायसर कसा बदलायचा, भाडेकरारावर सही करायच्या आधी कोणती ओळ दोनदा वाचायची, बेशुद्ध माणसाला एकट्यानं कसं उचलायचं, अडकलेलं दार कसं उतरवायचं. परीक्षा नव्हती. मार्क नव्हते. तरी वर्ग भरलेला असायचा.

बाई आपल्या टेबलापाशी उभ्या होत्या. बुटक्या, रुंद हातांच्या, केस कापलेल्या. आयुष्यभर इमारतींच्या डागडुजीची कामं केलेली बाई. बारा दिवसांत त्यांनी मुलीला पाहिलं नव्हतं, आणि आता पाहिलं तेव्हा फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, "अंगठ्याला काय झालं?"

प्राचार्य वर्कशॉपच्या दाराशी उभे होते. आत यायचं की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं. त्यांच्या बुटांना भुसा आवडत नसावा.

"मी तेव्हाच म्हणालो होतो, साहेब," ते फौजदारांना म्हणाले. "मुलं इथं पदवी घ्यायला येतात. नळाला प्लंबर आहे, दाराला सुतार आहे."

"आणि सुतार येईपर्यंत?" बाई म्हणाल्या.

"बघा. हे असं."

फौजदारांनी कागद काढला. पन्नाशीचे असावेत. बोलण्यात घाई नव्हती. मुलीला ते आठवत होते. मागच्या वर्षी शेजाऱ्यांनी फोन केला तेव्हा हेच आले होते. बाहेरच्या खोलीत बसले, आईनं सुजलेल्या हातानं दिलेला चहा प्यायले, बाबांशी हवापाण्याच्या गोष्टी बोलले आणि निघताना आईला म्हणाले, वहिनी, जरा समजुतीनं घ्या. त्यांना ते आठवत होतं की नाही, कळत नव्हतं.

"हिच्या जबाबात असं आहे," ते वाचू लागले, "की बिजागऱ्यांच्या पिना काढल्या, वडिलांनी आतून दाराला धडक दिली, दार पडलं. दाराखाली काही लावलं होतं का? नाही. कुणी काढलं का? लावलंच नव्हतं." त्यांनी मान वर केली. "बरोबर?"

"हो," मुलगी म्हणाली.

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. हत्यार हातात घेण्याआधी त्याची धार पाहावी तेवढंच.

"कर बघू मग," फौजदार म्हणाले.

मुलगी मधल्या दाराशी गेली. गुडघे आपोआप वाकले. डावा हात टेबलाखालच्या फळीकडं गेला, जिथं पाचरींची ओळ असायची, प्रत्येकाची वेगळी, प्रत्येकीवर हजेरीचा नंबर. हात अर्ध्या वाटेवर होता तेव्हा तिला कळलं की तो कुठं चाललाय. तो मागं घ्यायला हवा होता, पण परत घेतलेला हात लपत नाही.

"खिळा इकडं आहे, डावरे," बाई खेकसल्या. "वर. डोळ्यांसमोर. वर्षभर सांगतेय, हत्यारं खाली ठेवू नका, खाली ठेवू नका, आणि ही बया अजून खालीच शोधते."

मुलीनं वर पाहिलं. खिळा टेबलावर होता. वर्गात तिचं नाव डावरी होतं, पण हत्यारांच्या बाबतीत तिचा गोंधळ कधीच झालेला नव्हता. तिनं खिळा घेतला.

खालची पीन. मधली पीन. वरची. फौजदार दारापलीकडं गेले. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, खांदा दाराला लावला, अंदाज घेतल्यासारखा एकदा हलकाच ढकलला. मग जरा जोरानं.

दार आडवं झालं ते सगळ्या खोलीला हादरवून. भिंतीवरच्या करवती झणझणल्या, भुश्याचा ढग उठला, प्राचार्य दोन पावलं मागं सरले. धूळ खाली बसली तेव्हा मुलगी भिंतीला चिकटून उभी होती. पाठ, टाचा, डोकं. दोन्ही हात चेहऱ्यासमोर.

बाईंनी जाऊन तिचे हात खाली केले, एकेक बोट सोडवत, जसं लहान मुलाच्या मुठीतून काहीतरी काढतात.

"माझा मेहुणा सुतारकाम करतो," फौजदार कपड्यांवरची धूळ झटकत म्हणाले. "परवा जेवताना सहज विषय निघाला. तो म्हणाला, दार उतरवताना पहिल्यांदा खाली काहीतरी अडकवतात. म्हणजे दार जागचं हलत नाही. तो म्हणाला, हे शेंबड्या पोराला माहीत असतं."

"असेल," बाई म्हणाल्या.

"तुम्ही शिकवत असाल."

बाई काही बोलायच्या आत प्राचार्य पुढं आले. आता त्यांना आत यायला हरकत वाटत नव्हती. "शिकवत असणार, साहेब. नियमाला फार पक्क्या आहेत आमच्या पाचरबाई."

फौजदारांचं पेन थांबलं. पाचरबाई. पोरांनी ठेवलेलं नाव. बाईंचा पहिला तास पाचरीचा, दुसरा पाचरीचा, दार असो, कपाट असो, गाडीचं चाक असो, बाई दोन बोटं वर करून म्हणणार, आधी काय? आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडणार.

"पाचरबाई?" फौजदारांनी विचारलं.

"म्हणतात सगळे," प्राचार्य म्हणाले, आणि बारा दिवसांत पहिल्यांदा जरा खुशीत आले. "अहो, एक बैठक अशी जात नाही जिथं या पाचर मारत नाहीत. सगळं ठरत आलेलं असतं, चहा आलेला असतो, की यांचा हात वर. नवीन सभागृहाचं घ्या. तीन वर्षं. या म्हणाल्या, आधी मुलींच्या स्वच्छतागृहांना कड्या बसवा. बसली की नाही पाचर? मीच एकदा चिडून बोललो होतो भर बैठकीत, की तुम्हाला पाचरबाईच म्हणायला पाहिजे. तेव्हापासून."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. अकरा वर्षांत ते शनिवारी एकदाही इथं आले नव्हते.

बाई टेबलावरचा भुसा तळहातानं गोळा करत होत्या.

"बाई," फौजदार म्हणाले, "मी सरळ बोलतो. ते तुम्ही शिकवलेलं असेल, आणि तरी हिनं त्या दिवशी केलं नसेल, तर मला ते अपघातात बसवता येत नाही. समोर जिना आहे, माणूस धावत येणार आहे, दार पडणार हे हिला माहीत आहे, आणि तरी ही बाजूला उभी राहते. कोर्ट त्याला दुसरं नाव देईल. हिला कुणी शिकवलंच नसेल, तर गोष्ट वेगळी. पोर घाबरली, घाईत जमेल तसं केलं." त्यांनी पेन उचललं. "तर शिकवता?"

मुलगी बाईंच्या हातांकडं पाहत होती. त्या हातांनी तिच्या दोन पाचरी केराच्या टोपलीत टाकल्या होत्या, उतार बरोबर नाही म्हणून. तिसरी घेतली होती. खोटं बोलायचं तर ते निदान काटकोनात बोला, असं म्हणणारी बाई. नळ गळत असताना गळत नाही असंसुद्धा न म्हणणारी. मुलीला एकदम वाटलं, यांना यातून सोडवावं, आपणच म्हणावं, हो, शिकवलंय. तिनं तोंड उघडलं.

"नाही," बाई म्हणाल्या.

"नाही?"

"आठवड्याला एक तास मिळतो. त्यात काय काय करणार. पिना काढायला शिकवते. बाकी राहून जातं."

"राहून जातं?" प्राचार्यांचा आवाज फाटला. "म्हणजे मुलांच्या अंगावर हे एवढं दार पडलं असतं तर?"

"पडलं असतं."

"आणि तुम्ही हे इतकं शांतपणे..."

"काय करू सर? आहे ते आहे."

"पालकांना काय सांगू मी? साधी खबरदारी तुम्ही शिकवत नाही, आणि वर दारं उपसायला लावता. एक माणूस गेलाय, बाई."

"माझी चूक आहे. लिहून देते."

"लिहून द्याच. आणि हा तास आजपासून बंद. या खोलीला कुलूप."

बाईंनी मान हलवली. फौजदार लिहीत होते. लिहिणं झाल्यावर त्यांनी कागद फिरवून पुढं केला. बाईंनी चष्मा लावला आणि तो दोनदा वाचला, जसं त्या सगळ्यांना वाचायला सांगत. मग सही केली. सही नेहमीसारखी ठळक आली नाही. शेवटच्या अक्षराला पेन अडलं.

प्राचार्य किल्लीची व्यवस्था करायला निघून गेले. फौजदार टोपी घ्यायला वळले, आणि वाकले. टेबलाखालच्या फळीवर ओळीनं चाळीस लाकडी तुकडे होते, सगळे एका उताराचे, तेल पाजलेले, चमकणारे. त्यांनी एक उचलून हातात फिरवला.

"हे काय?"

"टेबलांच्या पायांखाली घालायला," बाई म्हणाल्या. "जमीन जुनी आहे. टेबलं डगमगतात."

फौजदारांनी जवळच्या टेबलावर हात ठेवून ते हलवून पाहिलं. टेबल जागचं हललं नाही. त्याच्या पायांखाली काहीच नव्हतं.

"हे तर हलत नाही."

"म्हणूनच तर हलत नाही."

फौजदार हातातल्या तुकड्याकडं थोडा वेळ पाहत राहिले. त्यावर सतरा नंबर कोरला होता. त्यांनी तो फळीवर, होता त्याच जागी, ठेवून दिला. मग मुलीकडं न पाहता विचारलं, "मागच्या वर्षी मी आलो होतो तुमच्याकडं. आठवतं?"

"हो."

"तेव्हा मी खोलीचं दार लावून घेतलं होतं. तुझ्या वडिलांशी बोलायला. तू बाहेर होतीस."

"हो."

फौजदारांनी टोपी घातली, ती नीट बसली की नाही ते हातानं पाहिलं. "आईला जबडा उघडता यायला लागला की तिचा जबाब घ्यायला मी येणार नाही," ते म्हणाले. "आमच्याकडं एक बाई आहे, तिला पाठवतो. तिच्याशी बोला."

आणि गेले.

खोलीत भुश्याचा आणि तेलाचा वास होता. पडलेलं दार दोघींच्या मध्ये आडवं पसरलं होतं. बाईंनी खाली वाकून त्याची एक कड धरली, मुलीनं दुसरी. दोघींनी ते उचलून भिंतीला टेकवलं. बाईंना दम लागला होता. त्या स्टुलावर बसल्या. वर्गात त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. "एका पोराचं नख चेचलं नाही माझ्या तासाला."

"बाई, मी..."

"थांब. मला काही ऐकायचं नाही. ऐकलं की मला ते माहीत होणार, आणि मला कुणी पुन्हा विचारलं की मी पुन्हा असं बोलू शकेन की नाही, मला ठाऊक नाही. आज जमलं." त्या तिच्या अंगठ्यावरची पट्टी सोडू लागल्या. पट्टी खराब झाली होती. ड्रॉवरमधून नवीन काढून त्यांनी ती बांधायला घेतली, आणि मग त्यांनाच राहवलं नाही. "एवढी चांगल्या हाताची पोर. का काढलीस ग?"

बाईंनी गाठ मारली, पण हात सोडला नाही.

"मी नाही काढली," मुलगी म्हणाली.

"लावली तरी होतीस?"

"सगळ्यात आधी."

बाहेर सायकलींच्या जागेत कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. तास सुटला असावा.

"मग गेली कुठं? आपोआप निघत नाही ती. मीच सांगते सगळ्यांना, सरळ ढकलली तर आणखी अडकते."

"सरळ नाही ढकलली," मुलगी म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "ते मागं सरकले ना, धावत यायला, तेव्हा फटीतून आईची बोटं आली. दोन. नखं तुटलेली होती. मी हात पुढं करणार होते, पण ती बोटं मला थांब म्हणाल्यासारखी वाटली. मग त्या बोटांनी पाचर आधी इकडं हलवली, मग तिकडं. सैल केली. आणि माझ्याकडं सरकवली. ती मी पिशवीत टाकली."

बाईंचा हात तिच्या हातावर तसाच राहिला. त्यांनी विचारलं, "कुणी शिकवलं तिला?"

"मी. स्वयंपाकघराच्या दारावर, एका शनिवारी इथून गेल्यावर. ती पण कॉलेजात गेली होती, बाई. तीन वर्षं. तिला अजून कविता पाठ आहेत."

"किती वेळा दाखवलंस?"

"एकदाच. मी म्हटलं, आता तू कर. तिनं केली, काढली, परत लावली. मग पाचर हातात घेऊन तिथंच जमिनीवर बसून राहिली. भाजी करपायला लागली तरी उठेना. मी म्हटलं, काय झालं ग आई. तर म्हणाली, एवढंच असतं होय?"